डाळ लातूरची, तूर कुठली?

लातूरच्या गंजगोलाईत तूरडाळीच्या पोत्यासमोर उभं राहून "काका, ही डाळ कुठली?" असं विचारलं, की बहुतेक वेळा उत्तर येतं, "लातूरचीच की!" काका खोटं बोलत नाहीत. डाळ लातूरच्याच मिलमध्ये भरडलेली असते. तूर मात्र निलंग्याच्या शिवारातली असेल, कलबुर्गीची असेल, नाहीतर मोझांबिक किंवा टांझानियाहून जहाजानं आलेलीही असेल. तूर पिकवणाऱ्या आपल्या देशाला ती दरवर्षी बाहेरूनही आणावी लागते.

पाकीट उलटून पाहिलं तरी हे लगेच उमगत नाही. बारकोडच्या सुरुवातीला ८९० दिसलं म्हणजे माल भारतात पिकलेला, असं पुष्कळांना वाटतं. पण तो क्रमांक कंपनीनं भारतातल्या संस्थेकडून घेतला, एवढंच त्यावरून कळतं. अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक जरा अधिक सांगतो. त्यातला दुसरा आणि तिसरा आकडा राज्याचा असतो. महाराष्ट्राचा १५, आणि ०० असेल तर परवाना केंद्राचा. तरी हा पत्ता माल तयार करणाऱ्याचा किंवा भरणाऱ्याचा झाला, शेताचा नव्हे. शेताच्या खरोखर जवळ नेतं ते भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला त्या भागाचं नाव लावू देणारी सरकारी नोंद. बोरसुरीची तूरडाळ, वसमतची हळद, जालन्याची मोसंबी आणि दगडी ज्वारी, बीडचं सीताफळ, मराठवाड्याचा केसर आंबा ही सगळी त्या यादीत आहेत.

पण जवळचं म्हणजे चांगलं, हे सरसकट खरं नाही. कोरडी, कीड न लागलेली डाळ शंभर किलोमीटरवरून आली काय आणि हजारवरून आली काय, तिच्यातली प्रथिनं तेवढीच राहतात. कर्ब उत्सर्जनाचंही तसंच आहे. बहुतेक पदार्थांत वाहतुकीपेक्षा पिकवण्यातलं उत्सर्जन जास्त असतं. माझ्या मते पाहायचा तो काळ: तोडणीला किती दिवस झाले, दळणाला किती. जवळच्या मालाबद्दल हे विचारता येतं आणि उत्तरही मिळतं. म्हणून तो घ्यायचा.

ज्वारीत हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं. दाणा अखंड असतो तोवर त्याच्या अंकुरातलं तेल आणि ते तेल फोडणारं विकर (एन्झाइम) वेगवेगळे राहतात. जात्यात दोन्ही एकत्र येतात, हवा लागते, आणि काही आठवड्यांत पिठाला कडवट वास येऊ लागतो. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. भाकरी धरून ठेवतो तो गरम पाण्यानं चिकट झालेला स्टार्च. जुन्या पिठाची भाकरी थापताना कडा फाटतात, आणि घरातली आजी हात लावताच सांगते, "पीठ विरी गेलंय," म्हणजे त्याचा चिकटपणा गेलाय. दुकानातून दोन महिन्यांपूर्वीचं पीठ उचलण्यापेक्षा रब्बीची ज्वारी घेऊन आठवड्यापुरती गिरणीतून दळून आणावी. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं 'परभणी शक्ती' हे लोह आणि जस्त जास्त असलेलं वाण मिळालं, तर फारच उत्तम.

हळदीचा शत्रू उजेड. तिला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन प्रकाशात विघटित होतं. पारदर्शक बरणीतली उन्हात मांडलेली पूड त्यामुळे टाळावी आणि वसमतकडची हळकुंडं आणून घरी कुटावीत. हळकुंड भडक पिवळं असेल आणि चोळल्यावर हाताला भरपूर रंग सुटत असेल, तर ते घेऊ नका. लेड क्रोमेटसारखा विषारी रंग चढवण्याचे प्रकार होतात.

मोसंबीत रंग फसवतो, तोही उलट बाजूनं. सालीतलं हरितद्रव्य जायला थंड रात्री लागतात. आंबे बहाराची, म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या सुमारास धरलेली फळं ऑगस्टपासून निघतात तेव्हा रात्री उबदार असतात, म्हणून आत रस भरलेला असतानाही साल हिरवी राहते. हातात जड लागणारं फळ घ्यावं. केसर आंबा अढीत गोड होतो, कारण त्याच्यातल्या स्टार्चची साखर होते. मोसंबीत तसा साठा नसतो. झाडावर आली तेवढीच गोडी.

सीताफळ तर दूर जायलाच नकार देतं. शीतगृहात साल काळी पडते आणि पिकल्यावर ते दोन-तीन दिवससुद्धा धरत नाही. बालाघाटच्या डोंगरातली, धारूरकडची सीताफळं शरदात रस्त्याकडेला टोपल्यांत दिसतात. सालीवरचे डोळे उघडून ज्याच्या मधल्या खाचा पिवळट झाल्यात, पण जे अजून टणक आहे, असं फळ निवडा आणि घरी तांदळात ठेवा.