बारा नौका नेल्या, एकही परत आणली नाही: ओडिसियसच्या नेतृत्वावरील वादाची पार्श्वभूमी

होमरच्या 'ओडिसी'चा आरंभ होतो तिथेच एक निवाडा देऊन टाकलेला आहे. पहिल्या दहा ओळींत कवी सांगतो की, या अनेक वळणांच्या माणसाने, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरून आपल्या इथाका बेटाकडे परतणाऱ्या ओडिसियसने, स्वतःचा जीव राखण्यासाठी आणि सोबत्यांना घरी पोहोचवण्यासाठी समुद्रावर अपार यातना सोसल्या, पण इतके करूनही तो सोबत्यांना वाचवू शकला नाही. ते आपल्याच उन्मत्त अविचाराने मेले, कारण त्या मूर्खांनी सूर्यदेव हेलिऑसची गुरे मारून खाल्ली. अविचारासाठी मूळ ग्रीकमध्ये 'अतस्थलिआ' हा शब्द आला आहे. नायक निर्दोष आणि अनुयायी दोषी, असा हा सरळ हिशेब वाटतो. मात्र काव्य पुढे वाचत गेल्यावर हा हिशेब जुळत नाही, आणि ओडिसियस हा नेता म्हणून कसा होता या प्रश्नावर जवळजवळ सत्तावीसशे वर्षे चाललेल्या वादाचे मूळ या न जुळणाऱ्या हिशेबातच आहे.

हा वाद समजून घ्यायचा तर होमरच्या जगात नेता म्हणजे काय, हे आधी पाहावे लागते. 'इलियड' आणि 'ओडिसी' ही होमरची दोन्ही महाकाव्ये साधारणपणे इसवी सनपूर्व आठव्या शतकाच्या अखेरीस किंवा सातव्याच्या आरंभी आजच्या रूपाला आली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांतला 'बासिलेउस', म्हणजे राजा, हा सर्वसत्ताधीश सम्राट नसतो. इथाकेसारख्या लहानशा बेटावरही असे पुष्कळ बासिलेउस आहेत, असे ओडिसियसचा मुलगा टेलेमॅकस स्वतःच म्हणतो. नेत्याचा अधिकार कुळावर जितका अवलंबून असतो, तितकाच लढाईतल्या पराक्रमावर, सभेतल्या वक्तृत्वावर आणि लुटीच्या न्याय्य वाटणीवर असतो. त्याला वारंवार लावले जाणारे विशेषण 'लोकांचा मेंढपाळ' असे आहे, आणि मेंढपाळाकडे हिशेब मागायचा तो कळपाचाच. 'इलियड'च्या दुसऱ्या सर्गातील नौकांच्या यादीप्रमाणे ओडिसियसने केफालेनियन लोकांच्या बारा नौका ट्रॉयला नेल्या. वीस वर्षांनी तो एकटा, फियाशियन लोकांच्या नौकेतून, गाढ झोपेत असताना इथाकेच्या किनाऱ्यावर उतरवला गेला.

'इलियड'मधला ओडिसियस हा दुसऱ्याच्या हाताखालचा सरदार आहे, आणि त्या भूमिकेत तो जवळजवळ निर्दोष ठरतो. सैन्याची परीक्षा घेण्यासाठी ग्रीकांचा सरसेनापती अगामेम्नॉन घरी परतण्याची भाषा करतो आणि सगळे सैन्य खरोखरच नौकांकडे धावत सुटते, तेव्हा ओडिसियस अंगावरचा झगा फेकून देतो, अगामेम्नॉनचा राजदंड हातात घेतो आणि एकट्याच्या बळावर ती पळापळ थांबवतो. सरदार भेटला तर तो मृदू शब्दांत समजावतो. सामान्य शिपाई ओरडताना दिसला तर राजदंडाचा तडाखा देतो. राजा सगळी लूट गिळतो असे उघडपणे म्हणणाऱ्या थर्सायटिसच्या पाठीवर तो वळ उठवतो, आणि सैन्य हसते. आजच्या वाचकाला हा प्रसंग खटकतो, आणि तो खटकायलाच हवा, कारण थर्सायटिसचे म्हणणे त्याआधी ग्रीकांचा श्रेष्ठ योद्धा अकिलीसने मांडलेल्या तक्रारीहून फारसे वेगळे नाही. तरीही फुटलेले सैन्य त्या दिवशी ओडिसियसनेच सांधले, हे नाकारता येत नाही.

त्याच्या वाणीचे वर्णन ट्रोजन वृद्ध अँटेनॉर करतो. बोलायला उभा राहिला की ओडिसियस नजर जमिनीवर खिळवून, हातातला दंड न हलवता, एखाद्या अडाण्यासारखा स्तब्ध राहायचा. पण छातीतून आवाज निघाला की शब्द हिवाळ्यातल्या हिमकणांसारखे पडू लागायचे आणि मग त्याच्याशी बरोबरी करणारा कोणी उरत नसे. रागाने लढाई सोडून बसलेल्या अकिलीसकडे शिष्टाईला जाताना अगामेम्नॉनच्या निरोपातले शेवटचे उद्दाम वाक्य, अकिलीसने आपल्यापुढे नमावे हे, तो शहाणपणाने गाळतो. परंतु मनात एक ठेवून दुसरे बोलणारा माणूस मला नरकाच्या दाराइतका तिटकाऱ्याचा वाटतो, असे त्याला तिथे अकिलीसकडून ऐकावे लागते. एकोणिसाव्या सर्गातला प्रसंग मला याहूनही मोलाचा वाटतो. मित्र पॅट्रोक्लसच्या मृत्यूने पेटलेला अकिलीस सैन्याला उपाशीपोटी लढाईत लोटायला निघतो, आणि ओडिसियस त्याला अडवून सांगतो की, उपाशी माणसाचे मन लढायला कितीही तयार असले तरी दिवस कलायच्या आत त्याचे गुडघे गळतात. मेलेल्याचा शोक पोटाने करता येत नाही. सामान्य शिपायाच्या पोटाचा विचार करणारा तो त्या छावणीतला दुर्मीळ सरदार आहे.

'ओडिसी'त हाच माणूस स्वतः प्रमुख होतो, आणि चित्र पालटते. परतीच्या पहिल्याच मुक्कामी, किकोनियन लोकांचे इस्मारोस शहर लुटल्यावर, तो लगेच निघायला सांगतो, लोक ऐकत नाहीत, आणि प्रत्येक नौकेमागे सहा माणसे मरतात. येथे दोष निःसंशय अनुयायांचा आहे. कमलभक्षकांच्या किनाऱ्यावर घर विसरलेल्या माणसांना ती रडत असताना तो ओढत आणून बाकांखाली बांधतो. हे कठोर आहे, पण योग्यच आहे.

नरभक्षक एकाक्ष राक्षस पॉलिफिमसच्या गुहेत मात्र पारडे फिरते. निवडलेले बारा सोबती गुहेतली चीज आणि करडे-कोकरे घेऊन ताबडतोब नौकेवर परतू या, अशी विनवणी करतात. ओडिसियसला त्या राक्षसाला पाहायचे असते, त्याच्याकडून पाहुण्याला मिळणारी भेट मिळवायची असते. "मी ऐकले नाही, ऐकले असते तर फार बरे झाले असते," अशी कबुली तो स्वतःच देतो, आणि त्या कुतूहलाची किंमत म्हणजे सहा माणसे. त्यानंतरची सुटका अलौकिक बुद्धीची आहे: आपले नाव 'कोणी नाही' असे सांगणे, मारोन नावाच्या पुरोहिताने दिलेले कडक मद्य पाजणे, आणि भोवती सोबती खाल्ले जात असताना तलवारीकडे गेलेला हात आवरणे. झोपलेल्या राक्षसाला तिथेच मारले असते, तर दाराची प्रचंड शिळा कोणालाच हलवता आली नसती. इतका संयम दाखवणारा माणूस नौका किनाऱ्यापासून दूर जाताच ओरडून राक्षसाला डिवचतो. राक्षसाने फेकलेल्या डोंगराच्या शिखराच्या लाटेने नौका पुन्हा किनाऱ्याला लागते. ओडिसियस लांब काठीने ती लोटतो आणि एक शब्दही न बोलता, नुसत्या मानेच्या खुणेने, सोबत्यांना वल्हवायला सांगतो. म्हणजे गप्प राहण्याचे महत्त्व त्याला पुरते कळलेले असते. तरी दुप्पट अंतरावर गेल्यावर, सोबती हातापाया पडत असताना, तो पुन्हा ओरडतो, आणि या वेळी आपले नाव, बापाचे नाव आणि गाव सांगतो. शाप द्यायला नाव लागते. ते मिळताच पॉलिफिमस आपल्या बापाकडे, समुद्रदेव पोसायडनकडे, मागणे मागतो: हा घरी पोहोचणारच असेल तर उशिरा पोहोचो, सगळे सोबती गमावून, परक्याच्या नौकेतून.

वाऱ्यांच्या पिशवीचा प्रसंग नेतृत्वाच्या दृष्टीने सगळ्यांत बोलका आहे. वाऱ्यांचा अधिपती एओलसने सगळे प्रतिकूल वारे बैलाच्या कातड्याच्या पिशवीत कोंडून, चकचकीत चांदीच्या दोरीने बांधून दिले होते. नऊ दिवस आणि नऊ रात्री ओडिसियसने शिडाची दोरी दुसऱ्या कोणाच्याही हाती दिली नाही. दहाव्या दिवशी इथाका इतकी जवळ आली की किनाऱ्यावर शेकोट्या राखणारी माणसे दिसू लागली, आणि नेमका तेव्हा त्याला झोपेने गाठले. खलाशी आपसांत बोलू लागले: हा ट्रॉयहून लूट घेऊन चालला आहे, आपण तेवढेच कष्ट सोसले आणि रित्या हातांनी परततो आहोत, पिशवीत किती सोने-चांदी आहे ते तरी पाहू. पिशवीत काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते. हाव त्यांची होती, यात शंका नाही. पण ज्या माणसाने सोबत्यांना दोरीही सोपवली नाही आणि माहितीही दिली नाही, त्याचा वाटाही त्या वादळात होता. ओडिसियस येथे "आमच्याच मूर्खपणाने आम्ही बुडालो" असे म्हणतो, आणि त्या 'आम्ही'मध्ये तो स्वतःला किती धरतो हे काव्य उघड करीत नाही.

यानंतर नरभक्षक लेस्ट्रिगोनियन लोकांच्या बंदिस्त बंदरात अकरा नौका आत नांगरल्या गेल्या. ओडिसियसने आपली एकटीच बाहेर, खडकाला बांधून ठेवली. आतल्या अकराही नष्ट झाल्या. त्याची सावधगिरी योग्य होती, मग ती इतर अकरांना का सांगितली गेली नाही, याचे उत्तर मिळत नाही. हेलिऑसची गुरे खाणारे लोक उरलेल्या एकाच नौकेवरचे होते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. काव्यारंभीचा निवाडा बारा नौकांपैकी एकीलाच लागू पडतो.

नेत्याचाही दोष आहे, हे पहिल्यांदा बोलून दाखवणारा माणूस म्हणजे युरिलोकस, ओडिसियसचा सोयरा आणि दुय्यम अधिकारी. जादूगारीण सर्सीच्या घरात गेलेले अर्धे सोबती बाहेर आलेच नाहीत, हे त्याने पाहिले आहे; आत तिने त्यांची डुकरे केलेली असतात. ओडिसियस त्यांना सोडवून परत येतो आणि उरलेल्यांना तिथेच चला म्हणतो, तेव्हा युरिलोकस इतरांना अडवतो. गुहेत मेले तेही याच्याच अविचाराने मेले, असे तो म्हणतो, आणि शब्द तोच वापरतो: अतस्थलिआ. ओडिसियसच्या मनात तिथल्या तिथे त्याचे डोके उडवण्याचा विचार येतो. सोबती मध्ये पडतात. युरिलोकस शेवटी मागोमाग जातो, पण पटले म्हणून नव्हे, ओडिसियसच्या दटावणीची भीती वाटली म्हणून. या ओळीपाशी मी दर वाचनात थांबतो. नेत्याचा शब्द पाळला जातो, पण त्यावरचा विश्वास उडालेला आहे, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितले असेल.

गाण्याने खलाशांना भुलवून मारणाऱ्या सिरेन्सच्या आधी ओडिसियस सुधारल्यासारखा वाटतो. भविष्य एकदोघांनाच ठाऊक असणे बरे नव्हे, असे म्हणून तो सर्वांना विश्वासात घेतो. मात्र लगेच पुढे, सहा डोक्यांच्या सिलाविषयी तो मुद्दाम गप्प राहतो, कारण कळले तर लोक वल्ही टाकून आत दडतील अशी त्याला भीती असते. सहा माणसे उचलली जातात, आणि वर जाताना शेवटचे त्याच्याच नावाने हाक मारतात. सिलाला टाळले असते तर कॅरिब्डिसच्या भोवऱ्यात सगळेच गेले असते, त्यामुळे हा निर्णय चुकला असे मला म्हणवत नाही. परंतु त्यानंतर हेलिऑसची गुरे असलेल्या थ्रिनाकिया बेटाजवळ तो "उतरू नका" म्हणतो, तेव्हा त्याचे कोण ऐकणार? तू लोखंडाचा बनला आहेस, आम्ही थकलो आहोत, असे युरिलोकस सुनावतो. महिनाभर प्रतिकूल वारा थांबत नाही, शिधा संपतो, ओडिसियस प्रार्थनेला दूर जातो आणि पुन्हा झोपी जातो, आणि गुरांना हात न लावण्याची सोबत्यांनी घेतलेली शपथ मोडली जाते.

'इलियड'च्या बाविसाव्या सर्गात हाच शब्द आणखी एका नेत्याच्या तोंडी आहे. अकिलीसची वाट पाहत तटाबाहेर उभा असलेला ट्रॉयचा सेनानी हेक्टर म्हणतो की, माझ्याच अतस्थलिआने मी माझे लोक बुडवले. ओडिसियस हा शब्द स्वतःला कधीच लावत नाही. शिवाय प्रवासाची ही सगळी हकीकत, नवव्यापासून बाराव्या सर्गापर्यंत, तो स्वतःच फियाशियन दरबारात सांगतो आहे. दुसरा साक्षीदार जिवंत नाही.

इथाकेत मात्र हिशेब मागणारे आहेत. दुसऱ्या सर्गात ओडिसियसचा जुना मित्र मेंटर आठवण करून देतो की, ओडिसियस राज्य करीत असताना बापासारखा मायाळू होता. चोविसाव्या सर्गात, ओडिसियसच्या पत्नीशी लग्न करू पाहणाऱ्या 108 लग्नेच्छूंच्या कत्तलीनंतर, त्यांत मेलेल्या अँटिनोअसचा बाप युपायथीस भरसभेत उभा राहून म्हणतो: याने चांगली-चांगली माणसे नौकांतून नेली, नौकाही घालवल्या, माणसेही घालवली, आणि परत येऊन केफालेनियनांतले उत्तम ते मारले. यातल्या नौका आणि माणसे घालवल्याच्या आरोपाला काव्यात कोणी उत्तर देत नाही. युपायथीस लढाईत मारला जातो आणि देवी अथीना तह घडवून आणते.

पुढच्या पिढ्यांनी या दोन साक्षींपैकी एकेक उचलली. ग्रीक कवी पिंडरने एका विजयगीतात शंका घेतली की, होमरच्या गोड वाणीमुळे ओडिसियसची कीर्ती त्याच्या भोगांपेक्षा मोठी झाली असावी. अथेन्समध्ये, पेलोपोनेशियन युद्धाच्या काळात, तो सत्तेसाठी काहीही करणाऱ्या मुत्सद्द्याचा चेहरा बनला. युरिपिडीसच्या इसवी सनपूर्व 415 मधील नाटकात हेक्टरच्या तान्ह्या मुलाला तटावरून फेकण्याचा सल्ला त्याचाच आहे. सोफोक्लीसच्या 409 मधील 'फिलॉक्टेटीस'मध्ये तो तरुण निऑप्टोलेमसला, आज लाज सोड, मग आयुष्यभर सज्जन राहा, अशा अर्थाचे समजावतो. त्याच सोफोक्लीसने दुसऱ्या नाटकात मात्र शत्रू एजॅक्सच्या प्रेताला सन्मानाने मूठमाती मिळावी म्हणून अगामेम्नॉनपुढे उभा राहणारा ओडिसियस दाखवला. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या अखेरीस मृतांचे आत्मे पुढचा जन्म निवडतात, तेव्हा पूर्वीच्या कष्टांनी महत्त्वाकांक्षा विटलेला ओडिसियस बराच वेळ शोधून एका सामान्य, खासगी माणसाचे आयुष्य उचलतो.

ट्रॉयशी नाते सांगणाऱ्या रोमनांना तो क्रूर वाटणे स्वाभाविक होते, आणि व्हर्जिलने तसाच रंगवला. होमर मुळातून न वाचता आलेल्या इटालियन कवी दान्तेने त्याला नरकाच्या ज्वाळेत ठेवले. तिथे तो म्हाताऱ्या सोबत्यांना एका छोट्या भाषणाने जगाच्या सीमेपलीकडे निघायला भरीस घालतो आणि सगळ्यांसह बुडतो. अलीकडच्या काळात बोस्टनमध्ये व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ही कथा घरी परतणाऱ्या सैनिकाची म्हणून वाचली, आणि सेनानी म्हणून ओडिसियसला कठोरपणे तपासले. ज्यांनी आपल्या वरिष्ठांच्या निर्णयांत सोबती गमावले होते, अशा माणसांमध्ये बसून त्यांनी हे काव्य वाचले होते, आणि त्या वाचनात युरिलोकसचे बोलणे बंडखोराची कुरकुर म्हणून बाजूला टाकता येत नव्हते.