मलम लावूनही चट्टा जात नाही, तेव्हा

हाताच्या इसबावर स्टिरॉइडचं मलम लावलं की एरवी थोड्या दिवसांत खाज ओसरते, लाली उतरते. पण एखाद्याचा चट्टा महिनोन्‌महिने हटत नाही. मग मलम आणखी जाड थरात, आणखी वेळा चोपडलं जातं. आजारच चिवट आहे, असं घरचे समजतात, कधी डॉक्टरही. या मलमाचीच अ‍ॅलर्जी असू शकते ही शंका फार उशिरा येते आणि तोवर माणूस हकनाक खाजवत राहतो.

स्टिरॉइडचा रेणू इतका लहान, की आपली प्रतिकारयंत्रणा एरवी त्याची दखलही घेणार नाही. मात्र त्वचेत त्याचं रूप बदलून तो तिथल्या प्रथिनांना चिकटला, की ही जोडी परकी ठरते आणि प्रतिकारयंत्रणेतल्या टी पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) तिला लक्षात ठेवतात. पुन्हा मलम लागलं की दाह सुरू होतो. पण हे औषध दाह शमवणारंच! त्यामुळे अ‍ॅलर्जी उसळून वर येत नाही, फक्त चट्टा बरा होत नाही.

पॅच टेस्टमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. पाठीवर औषधाच्या चकत्या 48 तास चिकटवून ठेवतात. काढल्यावर कधीकधी मधली त्वचा फिकट आणि भोवती लाल कडं असतं. मधोमध औषध जास्त, म्हणून दाह दबलेला. कडेला कमी, म्हणून तो उमटलेला. काहींची पाठ तर आठवड्याने लाल होते, त्यामुळे सातव्या दिवशीही ती पाहावी लागते. ही शेवटची फेरी टाळली, तर खरी अ‍ॅलर्जी हातातून निसटते.

चाचणीत टिक्सोकॉर्टॉल पिव्हॅलेट आणि ब्युडेसोनाइड ही दोन स्टिरॉइडं हमखास असतात. पहिल्यावरून हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडची अ‍ॅलर्जी ओळखू येते. एकाची अ‍ॅलर्जी म्हणजे सगळ्याच स्टिरॉइडांची असं नव्हे. बीटामेथासोन या स्टिरॉइडच्या गटाची अ‍ॅलर्जी त्यामानाने क्वचित आढळते. कधी दोष स्टिरॉइडचा नसतोच, मलमातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा लॅनोलिनसारख्या इतर घटकाचा असतो. म्हणून वापरातल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, डॉक्टरांकडे न्याव्यात.

निदान झाल्यावर ब्रँडचं नव्हे, घटकाचं नाव लिहून ठेवावं. ब्युडेसोनाइड नाकातल्या फवाऱ्यात आणि दम्याच्या इनहेलरमध्येही असतं, आणि ते लिहून देणारे डॉक्टर त्वचेचे नसतात.