पांढरं पडलेलं प्रवाळ आणि मेलेलं प्रवाळ

उन्हाळ्याच्या सुट्टीत नाशिकहून मालवणला नाहीतर अंदमानला गेलेली मंडळी परतली, की पाण्याखालचे फोटो फिरू लागतात. एखाद्या फोटोत पांढरंफटक प्रवाळ दिसलं की कुणीतरी लिहितंच, "सगळं मेलंय हो." हा घोळ दरवर्षी वाचून मी कंटाळलोय. त्यात तो साधा घोळ नाही, कारण त्याच्या पाठोपाठ येतं, "मेलंच आहे, मग त्यावर उभं राहिलं तर काय बिघडलं?"

मेलेलं प्रवाळ तुमच्या ओळखीचं आहे. शोकेसमधला तो खरखरीत पांढरा तुकडा म्हणजे नुसता चुन्याचा सांगाडा, आत जीव नाही. (असे तुकडे घरी आणणं मला मुळीच पटत नाही. रीफ, म्हणजे समुद्रातली प्रवाळाची भिंत, बांधणारी सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला.)

पाण्यातलं पांढरं प्रवाळ ही गोष्ट वेगळी. प्रवाळ हा प्राणी आहे आणि त्याच्या मऊ अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. त्याचं बरंचसं अन्न हे शैवालच बनवतं, रंगही बहुतांशी त्याचाच. समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभर जास्त तापलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतं. मागे उरतं पारदर्शक मांस, आणि त्यातून आतला सांगाडा दिसतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. प्राणी जिवंत आहे, पण उपाशी आहे.

एप्रिलमध्ये खरड छाटणी झालेली द्राक्षबाग बघून नाशिकचं शेंबडं पोरही वेल मेली म्हणणार नाही. खोडातल्या साठ्यावर ती पुन्हा फुटते. प्रवाळाच्या अंगातही थोडी चरबी असते, आणि तेवढीच त्याची मुदत. त्या मुदतीत पाणी निवलं तर शैवाल परत वाढतं आणि काही आठवड्यांत, महिन्यांत रंग भरतो. नाही निवलं तर मात्र ते खरंच मरतं.

ओळखायचं कसं? रंगावर जाऊ नका. निरोगी प्रवाळही पुष्कळदा तपकिरीच असतं आणि मेलेल्यावर शेवाळ चढलं की तेही तपकिरी-हिरवंच दिसतं. पृष्ठभाग बघा. जिवंत प्रवाळावर छोट्या छोट्या वाट्यांची नक्षी रेखीव दिसते. ब्लीच झालेल्यावरही ती शाबूत असते, वर ओलसर तकाकी असते, कधी वाट्यांतून बारीक शुंडकं, म्हणजे प्रवाळाची बोटांसारखी अंगं, डोकावतात. मेलेल्यावर लव आल्यासारखं शेवाळ आणि गाळ बसून नक्षी बुजलेली असते. नुकतंच मेलेलं काही दिवस स्वच्छ पांढरं राहतं, तेवढ्यात फसगत होऊ शकते. म्हणून माझा नियम सरळ आहे: पांढरं दिसलं की जिवंत धरायचं.

आणि जिवंत धरलं की पर्यटनाचा हिशेबच बदलतो. फिन्सच्या (पोहताना पायात घालायच्या रबरी पंखांच्या) फटक्याने उडालेला गाळ अंगावरून काढायला प्रवाळ चिकट स्राव सोडतं, त्यात ताकद जाते. धडधाकट प्रवाळाला ते झेपतं, उपाशी प्रवाळाला महाग पडतं. एरवी चालून जाणारी गर्दी या काळात चालत नाही. थायलंडने २०२४ च्या मे महिन्यात ब्लीचिंगमुळे काही सागरी उद्यानांतल्या जागा पर्यटकांसाठी बंद ठेवल्या. "प्रवाळ वाचवा"च्या फलकांपेक्षा मला अशी बंदी शंभरदा मान्य आहे. आपल्याकडेही पाणी सगळ्यात तापतं ते एप्रिल-मेमध्ये, ऐन शाळांच्या सुट्टीत. शक्य असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा. त्याआधी इथल्याच एखाद्या तलावात मास्क लावून तरंगायला शिका, कारण उथळ पाण्यात घाबरलेला माणूस पहिल्यांदा पाय टेकायला जागा शोधतो. बोटवाल्याला निघण्यापूर्वीच विचारा, रीफवर नांगर टाकता की बोट बोयाला (पाण्यावर तरंगणाऱ्या, जागच्या जागी बांधलेल्या खुणेला) बांधता? नांगर म्हणाला, तर दुसरी बोट बघा.