कंबर, जांघ आणि ओटीपोट: फडातल्या दुखण्यांची पार्श्वभूमी

दिवाळीच्या आसपास बीड, धाराशिव, परभणी, जालन्याकडचे कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, साखर कारखान्यांच्या फडांवर निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. परतल्यावरच्या तक्रारी ठरलेल्या: कंबरेतून पायात उतरणारी कळ, जांघेतली गाठ, बायकांचे अंग (गर्भाशय) बाहेर येणे. दोष उसाच्या मोळीला दिला जातो आणि तो खराही आहे. पण मोळी नेमक्या याच तीन जागी का घाव घालते, हे कळायला शरीराची घडण पाहावी लागते. या तिन्ही जागा वेगवेगळ्या काळात घडल्या.

कंबर सगळ्यात अलीकडची. चिंपांझीला कंबरेचे मणके 3 ते 4 असतात आणि ओटीपोटाची उंच हाडे त्यांना दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात. त्याची कंबर जवळपास ताठच. माणसाला असे मणके 5, ओटीपोटाची हाडे बुटकी आणि रुंद. त्यामुळे कंबर मोकळी झाली, तिला पोटाकडे बाक आला आणि धडाचे वजन थेट खुब्यांवर आले. टांझानियात लेटोली येथे राखेत उमटलेली, 1978 मध्ये सापडलेली, दोन पायांवर चालणाऱ्या पूर्वमानवांची पावले सुमारे 36 लाख वर्षांपूर्वीची आहेत. इथिओपियात हडारला 1974 मध्ये मिळालेला ‘लूसी’ या पूर्वमानव मादीचा सांगाडा 32 लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे मेंदू मोठा होण्याच्या कितीतरी आधी ही कंबर तयार होती. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की बाक सांभाळण्यासाठी पाचरीसारखे झालेले मणके पुरुषात 2 असतात, तर स्त्रीत 3. पोटात बाळ वाढताना तोल पुढे जातो, तो मागे घेण्यासाठीची ही सोय.

आपल्या पायाखालचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, त्यामुळे असे पुरावे मराठवाड्यात खडक फोडून मिळणारे नाहीत. गोदावरी-मांजरेच्या गाळात हत्ती-पाणघोड्यांची हाडे मिळतात. पूर्वमानवाच्या कवटीसाठी मात्र नर्मदाकाठी हथनोऱ्याला जावे लागते. तिथे ती 1982 मध्ये अरुण सोनकिया यांना मिळाली.

ही कंबर चालण्यासाठी उत्तम आहे. ‘दोन पायांवर उभे राहिलो तिथेच चुकले’ असे सरसकट म्हणणे पटत नाही. बिघडते ते वाकून वजन उचलताना. स्वीडनचे आल्फ नॅखेमसन यांनी 1960च्या दशकापासून जिवंत माणसाच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून दाब मोजला. उभ्या माणसात तो 100 धरला, तर पुढे वाकल्यावर 150 आणि 20 किलो घेऊन वाकल्यावर 220 होतो. कारण साधे आहे. पाठ सरळ करणारे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम 5 सेंटीमीटर मागे असतात. 30 किलोची मोळी 50 सेंटीमीटर पुढे धरली, तर तोल सांभाळायला त्या स्नायूंना दसपट, म्हणजे 300 किलोइतका जोर लावावा लागतो. धडाचे स्वतःचे वजन वेगळेच. तीच मोळी उकिडवे बसून, पोटाशी घेऊन 25 सेंटीमीटरवर आणली की ताण निम्मा. उचलताना कंबरेत पिळा मात्र देऊ नये. गादीचे कडे मागच्या बाजूला पातळ असते आणि तिथला आधाराचा पट्टा खाली येता येता अरुंद होतो. म्हणून गादी सरकते ती बहुधा शेवटच्या दोन गाद्यांपैकी एक, आणि मागे एका अंगाला. तिथूनच पायाची नस जाते.

वेळेचाही संबंध आहे. रात्रभर आडवे पडल्यावर गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा दीड-दोन सेंटीमीटर उंच भरतो. फुगलेली गादी वाकताना जास्त ताणली जाते. फडात काम सुरू होते पहाटे, आणि तेही वाकून. उठल्यापासून पहिला तासभर चालण्याची, बैलांची, स्वयंपाकाची कामे काढून तोडणी नंतर धरली तर फरक पडतो. लघवी अडली किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर मालीश, शेक करत न बसता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

जांघेचा इतिहास याहून कितीतरी जुना. शार्कसारख्या माशात वृषणे पुढे, यकृताजवळ असतात. मानवी गर्भातही ती मूत्रपिंडाजवळ तयार होतात, मग सातव्या-आठव्या महिन्यात पोटाची भिंत ओलांडून खाली उतरतात. त्यांच्यासोबत आलेली पडद्याची नळी बंद व्हायला हवी. उघडी राहिली, की जोर लावताना आतडे त्यात घुसते. तोच अंतर्गळ (हर्निया). चौपायांत आतड्यांचा भार पोटाच्या मधल्या भिंतीवर येतो, माणसात थेट या वाटेवर. आडवे पडल्यावर गाठ आत जात असेल तर शस्त्रक्रिया ठरवून करता येते. गाठ कडक झाली, दुखते आहे आणि उलट्या होत आहेत, तर आतडे अडकले आहे; तासांचा हिशेब असतो.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू माकडांत शेपूट हलवतात. आपल्या वंशातून शेपूट सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी गेली. त्यामागचा एक जनुकीय बदल 2024 मध्ये दाखवला गेला. स्नायू उरले आणि उभ्या शरीरात मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय पेलणारी झोळी झाले. बाळंतपणात त्यांची फाटाफूट होते, आणि महिना-दीड महिना पुरा व्हायच्या आत डोक्यावर मोळी आली की झोळी सैल पडते. सुरुवातीला व्यायामाचा उपयोग होतो: लघवी रोखल्यासारखे स्नायू आत ओढून 5 ते 10 सेकंद धरायचे, 10 वेळा, दिवसातून तीनदा, निदान 3 महिने. लघवी करताना मात्र हा सराव करू नये. पुढच्या टप्प्यात योनीत आधाराची सिलिकॉनची कडी बसवता येते.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न 2019 मध्ये गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. अंग बाहेर येते म्हणून पिशवी काढली, तरी झोळी सैलच राहते आणि योनीचा वरचा भाग पुन्हा खाली येऊ शकतो. शस्त्रक्रिया करायचीच ठरली, तर तो भाग मागच्या बंधांना टाके घालून पक्का करणार का, हे सही करण्याआधी विचारावे.