देवनागरी आकडे पायथॉनला कळतात की ओ!

आमच्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी भागात यादी आली की एका ओळीत मराठी आकडे, दुसऱ्या ओळीत कन्नड, मधेच इंग्लिश. मग पोरं पहिलं काम काय करालेत तर दहा रिप्लेस लिहून ० ते ९ बदलत बसायचं, कारण कुणीतरी कधीतरी सांगून ठेवलंय की प्रोग्रामला फक्त इंग्लिश आकडेच कळतात.

पायथॉन ३ या प्रोग्रामिंग भाषेत तसं काही नाही. मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या इंट ला '४५' द्या, पंचेचाळीसच मिळतात, कन्नड आकडे दिले तरी तेच, दोन्ही मिसळले तरी चालतंय, आजूबाजूची स्पेस पण आपोआप जाते. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या सामायिक यादीत, प्रत्येक आकड्याची किंमत नोंदवलेली असते, पायथॉन तीच वाचतं. रेजेक्स म्हणजे मजकुरात नमुना शोधायची पद्धत, त्यातली 'कुठलाही आकडा' ही खूण, बॅकस्लॅश डी, पण हे आकडे पकडते.

अडतं कुठं तर '१,२५,०००' मधल्या स्वल्पविरामावर आणि 'रु.' वर, तिथं सरळ व्हॅल्यूएरर, म्हणजे 'ही किंमत चालत नाही' अशी चूक. ते आधी काढायला पाहिजेच. शून्याच्या जागी कुणी इंग्लिश ओ टाईप केला असंल तर मग देवच वाली.

जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत मात्र हे चालत नाही, तिथल्या नंबर ला '४५' दिलं की नॅन, म्हणजे 'हा आकडाच नाही'. अफवा बहुतेक तिकडूनच आली असणार, हा आपला अंदाज.