सेकंड बेसमन म्हणजे हात कमजोर असलेला शॉर्टस्टॉप नव्हे

शाळेत सॉफ्टबॉल खेळलेल्या कुणालाही विचारा, ज्या पोराचा थ्रो लांब जात नाही त्याला कुठे उभं करायचं? उत्तर ठरलेलं: सेकंडला. आमच्याकडेही तेच व्हायचं. शॉर्टस्टॉपला वर्गातला हिरो, आणि सेकंडला ज्याला कुठेतरी खपवायचं आहे तो. त्या वयात ठीक होतं. पण पुढे टीव्हीवर मेजर लीग, म्हणजे अमेरिकेतलं अव्वल बेसबॉल, बघणारी, आकडे तोंडपाठ असलेली मोठी माणसंही हेच म्हणतात. "सेकंड बेसमन आणि शॉर्टस्टॉप एकच रे, आरशात बघितल्यासारखे. ज्याचा हात कमी पडला तो सेकंडला गेला." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाचं लिहूनच टाकतो.

शॉर्टस्टॉप तुम्हाला माहीत आहे. जीटर माहीत आहे, रिपकन माहीत आहे. सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या खिंडीतला तो उंच, चपळ गडी, जो डावीकडे सूर मारून चेंडू अडवतो आणि उठता उठता पार पहिल्या बेसपर्यंत फेकतो. त्याच्यावर अजून चार ओळी खर्च करण्यात अर्थ नाही.

सेकंड बेसमनबद्दल पहिली गोष्ट म्हणजे तो सेकंड बेसवर उभा नसतो. नावानेच घोळ केलाय. पहिल्या बेसचा माणूस पहिल्या बेसजवळ असतो, तिसऱ्याचा तिसऱ्याजवळ, म्हणून दुसऱ्याचा दुसऱ्यावर असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधोमध, जरा मागे सरकून उभा असतो. दुसरा बेस मोकळाच असतो आणि तो दोघांचा: डाव्या अंगाला शॉर्टस्टॉप, उजव्या अंगाला सेकंड बेसमन. स्कोअरशीटवर सेकंड बेसमन ४ आणि शॉर्टस्टॉप ६. बंट झाला (फलंदाजाने चेंडू हलकेच पुढ्यात टेकवला) की पहिला बेस कोण सांभाळतो, फटका नसतानाच पळून पुढचा बेस चोरणाऱ्याला टिपायला बेसवर कोण जातो, आउटफिल्डमधून, म्हणजे मागच्या मोकळ्या मैदानातून आलेला चेंडू मध्येच कोण घेतो, असे आणखीही फरक आहेत. ते दोन सामने बघितले की आपोआप कळतात.

जो फरक दोनशे सामने बघूनही कळत नाही, त्याच्यासाठी हा लेख.

डबल प्ले डोळ्यांसमोर आणा. पहिल्या बेसवर एक धावणारा आहे. फलंदाजाने जमिनीवरून चेंडू मारला. आता चेंडू आधी दुसऱ्या बेसवर पोचवायचा, म्हणजे तिकडे पळत येणारा बाद, आणि तिथून लगेच पहिल्या बेसवर फेकायचा, म्हणजे फलंदाजही बाद. फलंदाजाला पहिला बेस गाठायला सव्वाचार सेकंदांच्या आसपास लागतात. त्या वेळात अडवणं, देणं, घेणं, वळणं, फेकणं सगळं आलं. दुसऱ्या बेसवर चेंडू घेऊन पुढे फेकणारा जो मधला माणूस, त्याच्या कामाला पिव्हट म्हणतात.

चेंडू सेकंड बेसमनकडे गेला तर पिव्हट शॉर्टस्टॉप करतो. तो डावीकडून उजवीकडे पळत बेसकडे येतो. त्याच्या समोर काय काय आहे बघा: चेंडू देणारा सेकंड बेसमन समोर, पहिल्या बेसवरून पळत येणारा माणूस समोर, आणि जिथे फेकायचंय तो पहिला बेसही समोर. शिवाय त्याचं अंग आधीच त्याच दिशेला झेपावतंय. चेंडू हातात आला की तो वेग फुकटात थ्रोमध्ये उतरतो.

आता उलटं. चेंडू शॉर्टस्टॉपकडे गेला. सेकंड बेसमन आपली जागा सोडून उजवीकडून डावीकडे पळत सुटतो. त्याचं तोंड शॉर्टस्टॉपकडे, चेंडू तिकडून येणार. पहिला बेस मागे. आणि ज्याला बाद करायचंय तो माणूसही मागून, डाव्या खांद्याच्या पलीकडून, अंगावर येतोय. त्याला तो दिसत नाही. दिसला तरी बघायला वेळ नाही, कारण डोळे चेंडूवर. अंगाचा झोक पहिल्या बेसपासून लांब चाललेला. अशा अवस्थेत चेंडू घ्यायचा, पाय बेसला लावायचा, झोक मोडायचा, कंबर फिरवायची आणि नव्वद फूट सरळ फेकायचं. आणि हे सगळं गुडघ्याशी घसरत येणाऱ्या माणसाच्या वरून.

क्रिकेटवाल्यांना एका ओळीत सांगतो. कव्हरमधून आत धावत येऊन, चेंडू उचलून समोरच्या स्टंपवर मारणं हा शॉर्टस्टॉपचा पिव्हट. सीमारेषेकडे पाठलाग करून, चेंडू उचलून, वळून स्टंपवर मारणं हा सेकंड बेसमनचा. आणि त्या वळण्याच्या क्षणी कुणीतरी मागून तुमच्या पायात घुसतंय अशी कल्पना करा. आरसा म्हणे! शर्यत दोन्हीकडे एकाच दिशेने चालत असताना आरसा कसा होईल? धावणारे सगळे डावीकडूनच वळसा घेतात, लक्ष्य दोघांचंही पहिला बेस. एकाला उतार मिळतो, दुसऱ्याला चढ.

म्हणून हाताच्या जोराचा मुद्दा मला अर्धवट वाटतो. तो खोटा नाही. शॉर्टस्टॉपला लांबून फेकावं लागतं, सेकंड बेसमनचा रोजचा थ्रो जवळचा. पण त्यावरून सेकंडचं काम हलकं ठरवणं म्हणजे विकेटकीपरला लांब फेकावं लागत नाही म्हणून तो सोपा, असं म्हणण्यासारखं. आणि जवळचा थ्रो सोपा असतो हेही चक नॉब्लॉकला विचारा. १९९७ साली मिनेसोटाकडून गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचा किताब, मिळवलेला हा माणूस पुढे यांकीजकडे गेला आणि सेकंडवरून पहिल्या बेसपर्यंतचा साधा, बिनगर्दीचा थ्रो त्याला जमेनासा झाला. २००० साली जूनमध्ये त्याचा एक चेंडू थेट प्रेक्षकांत बसलेल्या बाईंच्या तोंडावर गेला. पुढच्या वर्षी त्याला मागे, आउटफिल्डच्या डाव्या बाजूला (लेफ्ट फिल्ड) पाठवलं. लांबचा थ्रो विचार करायला वेळच देत नाही. जवळचा देतो, आणि तोच माणसाला खातो.

हाताच्या सिद्धान्ताला सगळ्यात चोख उत्तर म्हणजे बिल मॅझेरोस्की. पिट्सबर्ग पायरेट्सने सतरा वर्षांच्या या खाणकामगाराच्या पोराला शॉर्टस्टॉप म्हणूनच घेतलं होतं. संघाचा कारभार बघणाऱ्या ब्रँच रिकीने त्याला सेकंडवर पिव्हट करताना पाहिलं आणि तिथेच ठेवला. हात कमी म्हणून हलवला नाही, पिव्हट जास्त चांगला म्हणून हलवला. (मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत फोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध करणारा रिकी तो हाच. माणसाची नजर काय असते बघा.) मॅझेरोस्कीला 'नो हँड्स' म्हणायचे, म्हणजे हातच नाहीत. चेंडू ग्लोव्हमध्ये थांबलाय असं दिसायचंच नाही, आला तसा वळून गेला इतकंच. १९६६ साली एका मोसमात १६१ डबल प्ले, आणि कारकिर्दीत सेकंडवरून १,७०६. दोन्ही विक्रम आहेत. आठ गोल्ड ग्लोव्ह.

आणि लोकांना तो कशासाठी आठवतो? एका होम रनसाठी. १३ ऑक्टोबर १९६०, फोर्ब्स फिल्ड, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना, नवव्या डावात राल्फ टेरीचा चेंडू भिंतीपलीकडे, पायरेट्स १०, यांकीज ९. क्षण थोर आहे, वाद नाही. पण कारकिर्दीत .२६० सरासरीने (दर हजार संधींत २६० हिट्स, म्हणजे बेताचीच) खेळलेल्या माणसाला फक्त फटक्यासाठी ओळखणं म्हणजे गवयाला त्याच्या शेरवानीसाठी ओळखणं.

पिव्हटची किंमत काय असते हे मिनेसोटाचा सेकंड बेसमन रॉड कॅरूने भोगलं. १९७० च्या जूनमध्ये डबल प्ले करताना धावणारा त्याच्या पायावर आला आणि गुडघा गेला. त्या वर्षी ५१ सामन्यांत .३६६ ने मारत होता. पुढे तो बरा झाला, फलंदाजीची आणखी सहा विजेतेपदं घेतली, कारकिर्दीत तीन हजारांवर हिट्स केल्या, पण १९७६ पासून त्याचा मुक्काम पहिल्या बेसवर. सेकंड बेसमनची कारकीर्द लवकर झिजते ती अशी. आणि मग एकूण आकडे कमी दिसतात म्हणून आपणच नाक मुरडतो.

इथे कुणीतरी लगेच म्हणेल, पण २०१५ साली पाय मोडला तो शॉर्टस्टॉपचा होता! बरोबर. १० ऑक्टोबर, डॉजर्स विरुद्ध मेट्स, रुबेन तेहादाच्या उजव्या पायाचं हाड मोडलं. पण तो प्रसंग पुन्हा बघा. चेंडू मधून गेला होता, सेकंड बेसमन डॅनिअल मर्फीने तो कसाबसा पकडून दिला, तेहादाला तो गोल फिरून घ्यावा लागला आणि फिरताना त्याची पाठ धावणाऱ्याकडे झाली. म्हणजे त्या एका क्षणी शॉर्टस्टॉपवर सेकंड बेसमनची वेळ आली. आणि घसरत आला तो कोण? चेस अटली. स्वतः त्या पिढीतला अव्वल सेकंड बेसमन! कुठे दुखतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार. २०१६ पासून नियम बदलला. आता घसरणाऱ्याला बेस सोडून माणसावर जाता येत नाही. उशिरा का होईना.

आता थोर कोण, यावर. यादी निघाली की वर रॉजर्स हॉर्न्सबी. १९२४ साली .४२४ सरासरी, कारकिर्दीत .३५८. फलंदाज म्हणून मी टोपी काढतो. पण तो १९२० मध्ये सेकंडला स्थिरावण्याआधी शॉर्टस्टॉप आणि थर्डवर फिरून आला होता, आणि त्याच्या नावापुढचा 'सेकंड बेसमन' मला घराच्या पत्त्यासारखा वाटतो, धंद्यासारखा नाही. एडी कॉलिन्स माझ्या लेखी त्याच्या वर: ३,३१५ हिट्स, ७४१ चोरलेले बेस, पंचवीस मोसम, आणि सेकंडवर सर्वाधिक सामने.

माझा पहिला नंबर विचाराल तर जो मॉर्गन. उंची पाच फूट सात इंच, बॅट धरून उभा राहिला की डावं कोपर कोंबडीच्या पंखासारखं फडफडायचं. १९७५ आणि १९७६, सलग दोन वर्षं एमव्हीपी (लीगमधला सर्वात मोलाचा खेळाडू), आणि दोन्ही वर्षी सिनसिनाटी रेड्सला वर्ल्ड सिरीज. पाच गोल्ड ग्लोव्ह. ग्लोव्ह मात्र मुद्दाम लहानसा वापरायचा, कारण मोठ्या ग्लोव्हच्या खिशात चेंडू शोधायला जो क्षण जातो तेवढ्यात फलंदाज पहिल्या बेसवर पोचतो. सेकंड बेसमनचा धंदा त्या लहान ग्लोव्हमध्ये आहे.

रॉबिन्सनबद्दल एक जुनी चीड काढून घेतो. '१९४७ साली सेकंड बेसमन जॅकी रॉबिन्सनने वर्णभेदाची भिंत फोडली' हे वाक्य जिथे तिथे सापडतं. १५ एप्रिल १९४७ ला तो पहिल्या बेसवर खेळला, वर्षभर तिथेच. त्याच्या संघाकडे, डॉजर्सकडे, सेकंडला एडी स्टँकी होता. त्याआधी कॅन्सस सिटी मोनार्क्सकडे रॉबिन्सन शॉर्टस्टॉप होता, मॉन्ट्रियलला सेकंड. स्टँकी गेला तेव्हा १९४८ मध्ये तो सेकंडला आला आणि १९४९ मध्ये .३४२ ने एमव्हीपी झाला. अवघ्या पाच वर्षांत तीन जागा. प्रत्येक जागेचे पाय वेगळे शिकावे लागतात, हे एका वाक्यात गुंडाळून टाकू नये.

आणि ज्यांना अजूनही हा फरक पुस्तकी वाटतो त्यांनी डेट्रॉइट टायगर्सकडे बघावं. ९ सप्टेंबर १९७७ ला बॉस्टनमध्ये दोन पोरांनी एकाच सामन्यात पदार्पण केलं: शॉर्टस्टॉप अॅलन ट्रॅमल, सेकंड बेसमन लू व्हिटेकर. १९९५ पर्यंत जोडी फुटली नाही. एकत्र १,९१८ सामने, अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) असं दुसरं उदाहरण नाही. व्हिटेकर मुळात थर्ड बेसचा, त्यामुळे हात कमजोर ही पळवाट इथे चालत नाही. (१९८५ च्या ऑल-स्टार सामन्याला गणवेश घरी विसरला आणि दुकानातली जर्सी घेऊन तिच्यावर मार्करने १ नंबर काढून खेळला. असा माणूस.) एकूण योगदान मोजणाऱ्या वॉर या आकड्यात तो पंचाहत्तरच्या आसपास आणि ट्रॅमल सत्तरच्या. म्हणजे व्हिटेकर पुढेच.

२००१ च्या जानेवारीत हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या सर्वोच्च सन्मानाच्या, मतदानात व्हिटेकरला २.९ टक्के मतं पडली आणि तो यादीतूनच बाहेर गेला. त्याच वर्षी जुन्या खेळाडूंसाठीच्या समितीने मॅझेरोस्कीला आत घेतलं. ऑगस्टमध्ये हॉल ऑफ फेमच्या गावी, कूपरस्टाउनच्या व्यासपीठावर तो उभा राहिला, बचावाच्या खेळालाही मान मिळायला हवा एवढं म्हणाला, आणि रडू आवरेना म्हणून लिहून आणलेलं भाषण अर्ध्यात सोडून बसला. ट्रॅमल २०१८ मध्ये आत गेला. टायगर्सने २०२२ साली व्हिटेकरचा १ नंबर निवृत्त केला, म्हणजे तो आता दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. कूपरस्टाउनमध्ये त्याची पाटी अजून लागलेली नाही.