तीन वलयं आणि एक शेपूट

आठवड्यातून एकदाच घ्यायची गर्भनिरोधक गोळी भारतात १९९१ पासून मिळते. ‘सहेली’ हे तिचं नाव बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेलं असतं. सरकारी दवाखान्यांत अलीकडे ती ‘छाया’ या नावाने मोफत मिळते. तिच्यातला सेंटक्रोमन हा रेणू मुळात लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत, म्हणजे सीडीआरआयमध्ये तयार झाला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. तो घडवणाऱ्या चमूचे प्रमुख होते डॉ. नित्या आनंद. जानेवारी २०२४ मध्ये वयाच्या ९९ व्या वर्षी ते गेले, तेव्हा बातमी आली आणि दोन दिवसांत विरलीही.

त्यांचा जन्म १९२५ चा, लायलपूरचा. आज ते पाकिस्तानातलं फैसलाबाद. लाहोर आणि दिल्लीत शिकून ते पीएचडीसाठी मुंबईला आले, माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात. आजच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं (आयसीटी) हे जुनं नाव. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते प्रा. के. वेंकटरामन, जे पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. वेंकटरामन मूळचे रंगांचे रसायनशास्त्रज्ञ. रंगांच्या माणसाकडे औषधं शिकायची हे आज विचित्र वाटेल, पण त्या काळात ते अगदी सरळ होतं. प्रोन्टोसिल हे जिवाणूंवरचं पहिलं सल्फा औषध १९३५ मध्ये जगापुढे आलं, ते मुळात एक लाल रंगद्रव्यच होतं. कापसाच्या धाग्याला रेणू कसा चिकटतो आणि जिवाणूतल्या प्रथिनाला कसा चिकटतो, हे दोन्ही प्रश्न रसायनशास्त्रज्ञाला एकाच जातीचे वाटतात.

१९४८ मध्ये पीएचडी झाल्यावर ते केंब्रिजला अलेक्झांडर टॉड यांच्याकडे गेले. टॉड न्यूक्लिइक आम्लांच्या घटकांवर काम करत होते, त्यासाठी त्यांना १९५७ चं नोबेल मिळालं. आनंद १९५१ मध्ये परतले आणि सीडीआरआयमध्ये रुजू झाले. संस्था त्याच वर्षी सुरू झालेली, जागा गोमतीकाठची छत्तर मंझिल, म्हणजे नवाबांचा जुना महाल. भपका इमारतीचा होता. उपकरणांच्या बाबतीत सगळी सुरुवातच होती.

सेंद्रिय संश्लेषण करणारा रसायनशास्त्रज्ञ रेणू बनवतो आणि बनला की खूश होतो. औषधी रसायनशास्त्रज्ञाचं काम तिथून सुरू होतं. रेणू उंदरात चालला नाही तर का चालला नाही, अर्धवट चालला तर त्याचा कुठला भाग बदलायचा, याचा अंदाज बांधून त्याला पुन्हा भट्टीपाशी जावं लागतं. त्यासाठी अर्धा जीवशास्त्रज्ञ व्हावं लागतं. आनंद यांनी ते मनावर घेतलेलं दिसतं. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस ते हार्वर्डला बर्नार्ड डेव्हिस या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाकडे गेले आणि स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक जिवाणूला नेमकं कसं मारतं, हे शोधू लागले. १९६० मध्ये दोघांनी दाखवलं की औषधाने जिवाणूच्या पेशीपटलाला इजा होते. हे निरीक्षण पुढे कोड्यात पडलं, कारण स्ट्रेप्टोमायसिन रायबोसोमला, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या यंत्राला चिकटतं आणि प्रथिनं चुकीची घडवतं हे लवकरच सिद्ध झालं. मग पटलाला काय होतंय? ऐंशीच्या दशकात डेव्हिस यांनीच दोन्ही टोकं जोडली: चुकीची घडलेली प्रथिनं पटलात घुसतात आणि ते गळायला लागतं.

आता सेंटक्रोमन. १९६० मध्ये अमेरिकेत पहिली गर्भनिरोधक गोळी मंजूर झाली. त्या गोळीत स्टेरॉइड संप्रेरकं होती, आणि तीही आजच्या मानाने पुष्कळ. ती रोज घ्यावी लागे आणि बीजांडकोशाचं काम थांबवूनच परिणाम साधत असे. लखनौच्या गटाने वेगळी वाट धरली. स्टेरॉइड नको, बीजांडकोशाला हात नको, फक्त गर्भाशयात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचं काम अडवायचं.

स्टेरॉइडशिवाय हे जमेल असं वाटायला आधार होता. १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल तयार झालं होतं. त्यात स्टेरॉइडची चार वलयं नाहीत, सहा कार्बनांची दोनच बेंझिन वलयं आहेत, आणि ती एका दुहेरी बंधाच्या दोन विरुद्ध बाजूंना. तरी ते जोरदार इस्ट्रोजेन ठरलं, कारण त्याच्या दोन टोकांमधलं अंतर नैसर्गिक संप्रेरकाशी जुळतं. शरीरातल्या रिसेप्टरला, म्हणजे संप्रेरक ज्याच्या पोकळीत बसतं त्या प्रथिनाला, रेणूचं कूळ कळत नाही, आकार कळतो.

सेंटक्रोमनचा आकार याच विचारातून वाचता येतो. मध्यभागी क्रोमन सांगाडा, म्हणजे एक बेंझिन वलय आणि त्याला जोडलेलं, ऑक्सिजन असलेलं दुसरं वलय. ही रचना वनस्पतींतल्या फ्लॅव्होनॉइड रंगद्रव्यांच्या घराण्यातली. वेंकटरामन यांचं नाव ज्या अभिक्रियेला मिळालं, ती याच घराण्यातले रेणू बनवते. गुरूच्या प्रांताला लागूनच शिष्याने शिकार साधली असं म्हणायला हरकत नाही. या सांगाड्याच्या शेजारशेजारच्या दोन कार्बनवर आणखी दोन बेंझिन वलयं बसवलेली आहेत. एक वर, एक खाली. या मांडणीला ट्रान्स म्हणतात.

हे वर-खाली सहज मिळत नाही. या रेणूच्या आधीच्या टप्प्यावर दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध असतो आणि उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर त्यात हायड्रोजन घातला जातो. दोन्ही हायड्रोजन एकाच बाजूने येऊन बसतात, म्हणून दोन्ही वलयं उरलेल्या बाजूला, एकमेकांना खेटून ढकलली जातात. हा सिस प्रकार, आणि हवा तो नेमका उलटा. मग तीव्र अल्कली वापरून एका कार्बनवरचा हायड्रोजन सोडवायचा आणि परत बसू द्यायचा. खेटलेल्या वलयांना मोकळं व्हायची संधी मिळाली की रेणू आपणहून ट्रान्सकडे झुकतो. कागदावर ही एक ओळ असते. प्रयोगशाळेत ते कोरडी द्रावकं, ओलाव्याची धास्ती आणि शेवटी स्फटिक येतात की तेलकट चिकटा, याची वाट पाहणं असतं.

आणि शेपूट? एका वलयाच्या टोकाला ऑक्सिजन, मग दोन कार्बन, मग नायट्रोजन असलेलं पाच कोनांचं छोटं वलय. औषधाची सगळी करामत इथे आहे. इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या पोकळीत शिरलं की प्रथिनाचा एक तुकडा तिच्या तोंडावर मिटतो आणि पुढचे आदेश सुटतात. सेंटक्रोमन त्याच पोकळीत नीट बसतो, पण शेपूट बाहेर उरते. डब्यात मोठा चमचा ठेवून झाकण लावायला जावं तसं होतं. दांडा आडवा येतो. गंमत अशी की अशा रेणूंनी झाकण कसं अडतं ते क्ष-किरण चित्रांत प्रथम दिसलं १९९७ मध्ये. आनंद, सुप्रभात रे आणि त्यांचे सहकारी हा रेणू घडवत होते तेव्हा पोकळी कुणी पाहिलेली नव्हती. रेणूतला एक अणुगट बदलायचा, व्ही. पी. कांबोज यांच्या जीवशास्त्र विभागाकडे द्यायचा, उंदरांत गर्भ रुजतो का ते पाहायचं, आणि त्या उत्तरावरून पोकळीचा आकार मनात रेखाटायचा. ६७/२० हा क्रमांक मिळालेला रेणू टिकला. त्याच्या आगेमागे बनलेले अनेक भाऊबंद बाटल्यांतच राहिले, पण कुठला भाग हलवता येतो आणि कुठला नाही हे त्यांच्यामुळेच कळलं.

इथे टॅमोक्सिफेनची आठवण येते. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये डोरा रिचर्डसन यांनी तो रेणू बनवला, तोही गर्भनिरोधक म्हणून. शेपूट जवळजवळ तशीच. उंदरांत उत्तम चालला, पण स्त्रियांमध्ये उलट बीजविमोचनाला चालनाच देऊ लागला! पुढे तो स्तनाच्या कर्करोगावरचं महत्त्वाचं औषध झाला. उंदरावरून माणसाकडे येताना रेणू असा दगा देतो. सेंटक्रोमनने दिला नाही, यात आखणीचा वाटा किती आणि नशिबाचा किती, हे प्रामाणिक रसायनशास्त्रज्ञ छातीठोकपणे सांगणार नाही.

आठवड्याची गोळी हा मात्र रेणूच्या स्वभावाचा भाग. घेतलेल्या औषधापैकी निम्मं रक्तातून जायला जवळपास सात दिवस लागतात. म्हणूनच पहिले तीन महिने ३० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून दोनदा घेऊन पातळी वाढवायची आणि नंतर एकदाच घेऊन ती राखायची. काही स्त्रियांची पाळी लांबते, विशेषतः सुरुवातीला. गोळी घेणारीला हे आधी नीट सांगितलं नाही तर ती घाबरून गोळी सोडते. माझ्या मते या औषधाचं नुकसान त्याच्या रसायनापेक्षा अशा न झालेल्या संवादाने जास्त केलं.

साठच्या दशकात बनलेला रेणू बाजारात यायला १९९१ उजाडलं. दरम्यान आनंद १९७४ ते १९८४ संचालक होते. त्याच काळात १९७० च्या पेटंट कायद्यामुळे भारतात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. त्यामुळे इथले रसायनशास्त्रज्ञ ओळखीच्या औषधांकडे जाणारे नवे, स्वस्त रस्ते काढण्यात तरबेज झाले. देशाला त्याचा प्रचंड फायदा झाला. पण नवा रेणू शोधून त्याला पंचवीस वर्षं सांभाळायचं कौशल्य वेगळं, ते त्या काळात फारसं वाढलं नाही, आणि सेंटक्रोमन बराच काळ एकटाच मिरवत राहिला.

रेणूची एक गोष्ट अजून उरते. ट्रान्स सेंटक्रोमनचेही दोन प्रकार आहेत, एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेले, आणि गोळीत दोन्ही समप्रमाणात असतात. त्यांपैकी डावा प्रकार रिसेप्टरला अधिक घट्ट धरतो. तो वेगळा काढून, लेव्होर्मेलॉक्सिफेन या नावाने, एका डॅनिश कंपनीने हाडांच्या ठिसूळपणावर आजमावून पाहिला. रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांना तो रोज दिला गेला. गर्भाशयाशी संबंधित दुष्परिणाम दिसू लागल्यावर १९९८ मध्ये चाचण्या थांबल्या. दोन्ही प्रकारांचं मिश्रण, आठवड्यातून एकदा, लखनौने ठरवलं होतं तसं, आजही चालू आहे.